पागा, मोतद्दार आणि घोड्याचे मन : मराठी अश्वव्यवहाराचा एक विचार

१

मिरा-भाईंदर शहरातील शांती नगर ही वसाहत गेल्या चार-पाच दशकांत उभी राहिलेली आहे. तिच्या रहिवाशांचा घोड्याशी संबंध आज बहुधा लग्नाच्या वरातीपुरताच येतो. परंतु तेथून थोड्याच अंतरावर, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर, घोडबंदर हे गाव व त्याच्या टेकडीवरील पोर्तुगीज अमदानीतील किल्ला आहे. हा किल्ला १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या साष्टी-वसईच्या मोहिमेत, मराठ्यांच्या हाती आला. अरबी घोडे येथे जहाजांतून उतरत व त्यांचा व्यापार चाले, म्हणून घोडबंदर हे नाव पडले, अशी रूढ व्युत्पत्ती आहे. ग्रामनामाच्या एवढ्याच आधारावर मोठा सिद्धांत उभारणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. तथापि ठाण्याच्या खाडीत घोडे समुद्रमार्गाने येत, ही गोष्ट ग्रामनामाहून पुष्कळ जुन्या साक्षीने सिद्ध आहे. त्या साक्षीपासूनच प्रस्तुत विवेचनास आरंभ करणे सोयीचे होईल.

मराठ्यांच्या घोडदळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. घोडदळाची संख्या, त्याची चपळाई, गनिमी काव्यातील त्याचा उपयोग, त्यावर होणारा खर्च, या सर्व बाजूंचा विचार अभ्यासकांनी केला आहे. मात्र ज्या प्राण्याच्या पाठीवर हा सर्व इतिहास घडला, त्याला काय हवे असे, कशाचे भय वाटे, कोणाच्या हाताखाली तो शांत राही, या गोष्टी आपल्या पूर्वजांना कितपत उमगल्या होत्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा प्रश्न भावुकतेचा आहे असे कोणास वाटेल. वस्तुतः तो राज्यव्यवहाराचा प्रश्न आहे. भ्यालेला, एकटा पडलेला, अपरिचित हाताखालचा घोडा रणात निरुपयोगी ठरतो. म्हणून घोड्याचे मन ओळखणे ही ज्यांची गरज होती, त्यांनी ते कसे ओळखले व कोणत्या व्यवस्थेत बांधून ठेवले, हे पाहणे इतिहासाच्या कक्षेत येते.

यात अडचण एवढीच की घोड्याने दप्तर ठेवलेले नाही आणि ज्या माणसाचा घोड्याशी नित्याचा संबंध होता त्या मोतद्दारानेही ठेवलेले नाही. दप्तर कारकुनाचे आहे आणि बखर स्वाराच्या धन्याची आहे. तेव्हा घोड्याच्या मनाचा शोध दाणा, गवत, शाकार, नाल, पाणी यांच्या नोंदींतूनच घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या रुक्ष दिसणाऱ्या नोंदींत ममतेचा जेवढा पुरावा आहे, तेवढा घोड्यांच्या वर्णनपर स्तुतीत नाही.

२

इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याचे वर्णन केले आहे. तेथील राजाचा समुद्रावरील चाच्यांशी असा करार होता की लुटीत सापडलेले घोडे तेवढे राजाला द्यावेत व बाकीचा माल चाच्यांनी ठेवावा. याचे कारण पोलोने स्पष्ट दिले आहे. राजापाशी स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजात इतर मालाबरोबर घोडे असतच. याच प्रवाशाने तमिळ किनाऱ्याविषयी लिहिताना याहूनही विदारक माहिती दिली आहे. तेथील राजे दरसाल हजारोंनी घोडे विकत घेत आणि वर्षअखेर त्यांतील शंभरही शिल्लक राहत नसत. घोडा कसा सांभाळावा याचे ज्ञान तेथे नव्हते व नालबंदही नव्हते. व्यापारी नालबंदांना बरोबर आणीत नसत, एवढेच नव्हे तर त्यांना तिकडे जाऊही देत नसत. कारण घोडे जगले तर विक्री मंदावेल. परदेशी प्रवाशाच्या कथनात अतिशयोक्तीला जागा ठेवली, तरी या वर्णनातील अर्थव्यवहार स्पष्ट आहे. घोडा जोपर्यंत केवळ विकत घ्यावयाचा माल असतो, तोपर्यंत त्याच्या मरणातही कोणाचा तरी नफा असतो.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या चित्राची दुसरी बाजू दिसते. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौल बंदरी उतरला आणि तेथून जुन्नरला गेला. पावसाळा त्याने जुन्नर येथे काढला. तेथील बहमनी अधिकाऱ्याने त्याचा घोडा ओढून नेला व धर्मांतर केल्यास घोडा परत मिळेल अशी अट घातली. पुढे एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा सुटला. निकितिनच्या लेखनात घोड्याच्या खाद्याचीही माहिती आहे. येथे घोड्यांना हरभरे चारतात व साखर आणि तेल घालून शिजविलेली खिचडी देतात, असे तो सांगतो. घोडे या भूमीत निपजत नाहीत, असाही त्याचा समज झालेला दिसतो. एक परदेशी माणूस व त्याचा एकच घोडा अशी ही जोडी होती. त्या घोड्याला ओलीस धरून माणसाच्या श्रद्धेवर दडपण आणता येईल असे अधिकाऱ्यास वाटले, यावरून घोड्याचे मोल किती होते ते कळते. मात्र हे मोल शेवटी पैशाचेच होते. पुढे बीदरला निकितिनने तो घोडा विकला.

या दोन्ही साक्षींत घोडा समुद्र ओलांडून येतो. त्याचा कळप मागे राहिलेला असतो, हवा बदललेली असते, चारा बदललेला असतो आणि हाताळणारे हातही बदललेले असतात. घोडा हा कळपात जगणारा प्राणी आहे. मोकळा असता तो दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत हिंडतो व सदैव दुसऱ्या घोड्याच्या दृष्टीच्या टप्प्यात राहतो. एकटा कोंडला असता तो दावणीचे लाकूड कुरतडू लागतो, एकाच जागी उभा राहून डुलत राहतो. आजच्या पशुवैद्यकाने या खोडींना मनःक्लेशाची लक्षणे मानले आहे. जहाजाच्या तळाशी आठवडेच्या आठवडे बांधलेल्या घोड्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. पोलोला दिसलेली घोड्यांची मरतूक केवळ अन्नदोषाची असेल असे मानण्याचे कारण नाही.

३

घोडा समुद्रातून येत असला तरी त्याचे शास्त्र येथे फार प्राचीन काळापासून होते. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण विशेष उद्बोधक आहे. प्रत्येक घोड्याचे ठाण त्याच्या लांबीएवढे चौरस असावे, भूमी गुळगुळीत फळ्यांची असावी, चाऱ्याची जागा व मलमूत्राचा निचरा यांची सोय असावी, शाळेचे तोंड पूर्वेकडे अगर उत्तरेकडे असावे, असे तेथे सांगितले आहे. अश्वशाळेत वानर, हरिण, मोर, मुंगूस, चकोर, पोपट, मैना हे प्राणी ठेवावेत अशीही सूचना आहे. विष व साप यांपासून रक्षण हा या सूचनेचा हेतू मानला जातो. परंतु तिचा एक परिणाम असाही होत असला पाहिजे की घोडा निर्जीव भिंतींत एकटा न राहता सजीवांच्या हालचालीत व आवाजात राहत असे.

याच प्रकरणात घोड्यांचे तीक्ष्ण, भद्र व मंद असे प्रकृतिभेद सांगितले असून त्या त्या स्वभावास अनुसरून त्यांस युद्धाचे अथवा वाहनाचे काम द्यावे असा नियम आहे. म्हणजे घोड्याला स्वभाव असतो व काम नेमण्यापूर्वी तो ओळखला पाहिजे, ही जाणीव शासनाच्या नियमात उतरली होती. व्यालेल्या घोडीस पहिल्या तीन रात्री तूप द्यावे, पुढे दहा रात्री पीठ व तेल औषधांसह द्यावे, असा क्रमही दिलेला आहे. उपचारातील हयगयीने रोग वाढला तर वैद्यास दंड करावा, हे कलम तर फारच महत्त्वाचे आहे. घोड्याच्या दुःखाला येथे कोणी तरी उत्तरदायी धरला आहे. आश्विनातील नवमीस घोड्यांचे नीराजन करावे असेही विधान आहे. महाराष्ट्रात दसऱ्यास घोडी धुऊन, सजवून त्यांची पूजा करण्याचा जो प्रघात आहे, तो याच प्राचीन आचाराच्या कुळातला होय.

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (बारावे शतक) घोड्यांची लक्षणे, त्यांची देशपरत्वे प्रतवारी व घोड्यावरील चेंडूच्या खेळाचे वर्णन आढळते. दरबारी विनोदासाठी का होईना, घोड्याला निरनिराळ्या गती शिकवून खेळवावे लागे. शास्त्र होते, दरबार होता. उणीव होती ती देशात निपजलेल्या व घरात वाढलेल्या घोड्यांची. ती उणीव पुढे भीमेच्या काठाने भरून काढली.

४

भीमा नदीच्या थडीवर, पुणे प्रांतात, अरबी व तुर्की रक्ताचा देशी घोड्यांशी संयोग होऊन जी जात तयार झाली ती भीमथडी या नावाने प्रसिद्ध आहे. हा घोडा बेताच्या उंचीचा, काटक व थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारा असे. त्याच्या शारीरिक गुणांची चर्चा नेहमी होते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा मोठा विशेष असा की तो जन्मापासून माणसांच्या सहवासात वाढे. शिंगरू शेतकऱ्याच्या अंगणात, बायकामुलांच्या हाताखाली मोठे होई. जहाजातून उतरलेल्या प्रौढ घोड्याला माणसाची भीती घालवून माणसाळवावे लागते. अंगणातल्या शिंगराच्या मनात ती भीती सहसा उपजतच नाही. मराठी स्वार आणि त्याचा घोडा यांच्यातील ज्या विश्वासाचे कौतुक केले जाते, त्याचे मूळ रणांगणात शोधण्यापेक्षा या अंगणात शोधणे अधिक सयुक्तिक होईल.

या घोड्यांची राज्याने केलेली व्यवस्था म्हणजे पागा. सभासदाच्या बखरीवरून शिवकालीन पागेची रचना स्पष्ट होते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार व त्यावर चढत्या श्रेणीने जुमलेदार, हजारी, पंचहजारी व सरनोबत अशी ती होती. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पोलोने वर्णिलेल्या किनाऱ्यावर हजारो घोड्यांस नालबंद नव्हता. येथे पंचवीस घोड्यांस एक आहे, आणि तोही नियमाने. या एका आकड्यात चार शतकांचे अंतर सामावलेले आहे. पावसाळ्यात लष्कराने छावणीस स्वदेशी यावे, तेथे दाणा, रतीब, औषधे सिद्ध असावीत, घोड्यांसाठी पागा गवताने शाकारून ठेवाव्यात व दसरा होताच कूच करावे, असा वर्षक्रम सभासदाने दिला आहे. आठ महिने श्रम व चार महिने विश्रांती हा जो क्रम येथे आहे, तो घोड्याच्या देहाला तसाच मनालाही मानवणारा आहे. ओळखीचे ठाण, ओळखीचे शेजारी, ठरलेल्या वेळी मिळणारी चंदी यांनी घोडा निवतो, हे पागेवर काम केलेल्या कोणासही पुस्तकावाचून ठाऊक असते.

पागेविषयीचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या परिसरात छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेले पत्र होय. हे पत्र सामान्यतः १६७४ मधील, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षातील मानले जाते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या बोधासाठी ते नेहमी उद्धृत केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ते पत्र घोड्यांविषयीही आहे, हे बहुधा दुर्लक्षिले जाते. त्याचा आशय येणेप्रमाणे आहे. पावसाळ्यासाठी जमविलेले दाणा-गवत आताच मनास येईल तसे उडविले, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल. त्यानंतर लोक रयतेस उपद्रव देऊ लागतील, कुणबी गाव सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि तुम्ही मोगलांहून अधिक असे त्यांस वाटेल. असा तळतळाट होईल, आणि रयतेची व घोड्यांची सारी बदनामी तुमच्यावर येईल. पुढे आगीविषयीचा इशारा आहे. गवताच्या गंजीजवळ चुली घालू नयेत, तंबाखू ओढू नये, रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात नेईल व सर्व खण जळून जातील. गवत वाचले तर घोडी वाचतील.

या पत्रातील दोन गोष्टी सूक्ष्मपणे पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की घोड्याच्या मरणाची जबाबदारी दैवावर, रोगावर अगर पावसावर न टाकता ती पागेच्या अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. निष्काळजीपणा व हत्या यांतील अंतर पत्रलेखकाने पुसून टाकले आहे. दुसरी गोष्ट अशी की कुणबी आणि घोडा यांचे दुःख एकाच वाक्यात, एकाच बदनामीत आणले आहे. येथे घोड्याची स्तुती नाही, त्याच्या रंगाचे वा चालीचे वर्णन नाही. उंदराने पळविलेल्या वातीपर्यंत पोहोचणारी चिंता मात्र आहे.

५

आता मोतद्दाराकडे वळू. घोड्याशी सर्वाधिक काळ राहणारा माणूस हा होता. पहाटे ठाण झाडणे, पाणी दाखविणे, तोबरा चढविणे, खरारा करणे, अंग रगडणे, चालवून थंड करणे, ही सर्व कामे त्याची. स्वार घोड्यावर काही घटका बसे. मोतद्दार त्याच्याजवळ निजे. घोड्याचे मन कोणाशी जडले होते असे विचारल्यास, सरदाराचे नाव घेण्यापूर्वी या अनाम सेवकाचा विचार करावा लागेल.

खराऱ्याचे महत्त्व केवळ स्वच्छतेपुरते नाही. घोडे मोकळे असता एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यापाशी दातांनी हळूहळू खाजवितात. हा त्यांच्या स्नेहाचा व्यवहार आहे. फ्रान्समधील संशोधकांनी १९९३ मध्ये असे दाखवून दिले की याच जागी हाताने खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आणि अन्यत्र खाजविल्यास तसा परिणाम होत नाही. मोतद्दाराला हृदयाचे ठोके मोजण्याची गरज नव्हती. घोड्याने मान खाली सोडली, ओठ सैल केला, मागचा एक पाय सैलावला की आपला हात योग्य जागी आहे हे त्याला कळे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना माणसांची छायाचित्रे दाखविली. रागीट चेहरा दिसताच घोडे तो डाव्या डोळ्याने पाहू लागत व त्यांच्या हृदयाची गती अधिक लवकर वाढे. माणसाचा राग घोड्याला वाचता येतो, ही गोष्ट त्यामुळे प्रयोगानेही पुढे आली. चाबूकस्वाराने संतापात घोडा हाती धरू नये, ही पागेतील वडिलधाऱ्यांची शिकवण अनुभवावर उभी होती. तिला आज असा दुजोरा मिळाला आहे.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का नासली, या तिन्हींचे एकच उत्तर असलेले कोडे मराठी घरांत मुलांना घातले जाते. न फिरविल्यामुळे, हे त्याचे उत्तर. बांधून ठेवलेला घोडा बिघडतो, हे ज्ञान येथे लहान मुलापर्यंत पोहोचले होते. भाषेत असे ज्ञान रुजलेले असते तेव्हा ते एखाद्या सरदाराच्या आवडीचे न राहता समाजाचे झालेले असते.

६

बारगीर व शिलेदार हा भेद लष्करी इतिहासात सर्वज्ञात आहे. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. या भेदामुळे घोड्याशी असलेले नातेही दोन प्रकारचे झाले. बारगिराच्या बाबतीत ते उत्तरदायित्वाचे होते. घोडा दुबळा झाला तर जाब विचारणारा हवालदार होता, हिशेब तपासणारा कारकून होता. शिलेदाराच्या बाबतीत ते मालकीचे व जिव्हाळ्याचे होते. घोडा हीच त्याची इस्टेट, तोच त्याचा चरितार्थ, व बहुधा तो त्याच्याच घरी वाढलेला. घोडा पडला तर शिलेदाराची नोकरी संपे व घराला कर्ज होई.

या दुसऱ्या नात्याची एक बाजू अशी की शिलेदार घोड्याला जपे. दुसरी बाजू अशी की तो त्याला इतका जपे की निकराच्या वेळी पुढे घालण्यास कचरे. ही पद्धती पुढे इंग्रजांनी हिंदी घोडदळात उचलली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्याही पुढे आला. पहिल्या महायुद्धात या पद्धतीच्या मर्यादा पूर्णपणे उघड झाल्या व १९२१ च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत ती संपुष्टात आली. शिवकालीन राज्यव्यवस्थेने शिलेदारांपेक्षा पागेवर भर दिला, याचे कारण सामान्यतः राजकीय सांगितले जाते. पण पागेच्या पद्धतीत घोड्याचे हित एका माणसाच्या ऐपतीवर अवलंबून राहत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. गरीब शिलेदाराचे घोड्यावर कितीही प्रेम असले, तरी दुष्काळात ते प्रेम घोड्याच्या तोबऱ्यात दाणा घालू शकत नसे.

पानिपत हे याचे सर्वांत दुःखद उदाहरण होय. १७६० च्या अखेरीस गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि मराठ्यांच्या गोटात माणसांबरोबर घोडी उपाशी पडली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडदळ रणात उतरले ते अनेक दिवसांच्या उपासमारीने खंगलेल्या घोड्यांवर बसून. येथे ना मालकाचा जिव्हाळा कामी आला, ना स्वाराचे शौर्य. चिपळूणच्या पत्रातील इशारा याच प्रसंगाचा होता: साठा संपला की घोडी मरू लागतात.

त्याच दिवसाची एक आठवण माळव्याच्या इतिहासात सर जॉन माल्कम याने नोंदविली आहे. महादजी शिंदे रणातून निघाले असता एक धिप्पाड अफगाण आपल्या जड घोड्यावरून त्यांच्या पाठीस लागला. महादजींच्या खाली उत्तम दख्खनी घोडी होती. ती त्याला मागे टाकी. पण विसावा घेण्यास थांबावे तो पाठलाग करणारा पुन्हा दृष्टीस पडे. शेवटी घोडी थकून खंदकात पडली आणि महादजी पायास कायमचे जायबंदी झाले. तो अफगाण, त्याचा बोजड घोडा व आपली दख्खनी घोडी ही पुढे कित्येक वर्षे स्वप्नात दिसत, असे महादजी सांगत. उत्तर हिंदुस्थानाचे राजकारण हाती वागविणाऱ्या पुरुषाच्या स्वप्नात ती घोडी टिकून राहिली, ही गोष्ट मनुष्य व अश्व यांच्या संबंधाच्या इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे. तिच्या स्मरणात प्रेम आहे, तसाच आपण तिला तिच्या शक्तीपलीकडे दामटले याचा सलही असू शकेल. तो निश्चित सांगण्याचे साधन मात्र इतिहासापाशी नाही.

७

या परंपरेचे वर्णन करताना तिची काळी बाजू झाकणे योग्य होणार नाही. काटेरी कडीचा लगाम हिंदुस्थानात सर्वत्र वापरात होता आणि तो घोड्याचे तोंड रक्तबंबाळ करी. आगाडी-पिछाडीच्या दोरांनी घोडा पुढून-मागून इतका जखडला जाई की त्याला वळताही येत नसे. पागेत शेजारी घोडा असे, हा दिलासा होता. पण शेजाऱ्याला स्पर्श करण्याइतकी मोकळीक दावण देईलच असे नाही. ज्या व्यवस्थेने पंचवीस घोड्यांस नालबंद दिला, तिनेच हा लगामही वापरला. तेव्हा पूर्वजांना घोड्याचे सर्व मन कळले होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भूक, पाऊस, आग, एकटेपणा व अनोळखी हात यांपासून घोड्याला होणारे दुःख त्यांनी ओळखले. वेदनेने मिळविलेली आज्ञाधारकता व विश्वासाने मिळालेली आज्ञाधारकता यांतील भेद त्यांनी सर्वत्र पाळला नाही. स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा व त्याखालील १९६५ चे भारवाहू जनावरांविषयीचे नियम यांनी काटेरी लगामास मनाई केली, ही त्या दिशेने पडलेली पुढची पायरी होय.

घोडदळे गेली तरी हा संबंध तुटला नाही. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावात पागा अद्याप शिल्लक आहे. भीमथडीचा वंश मुख्यत्वे मेंढपाळ धनगरांनी सांभाळला. त्यांच्या भटकंतीत घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड असते व त्यामागे कुटुंब चालते. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. शास्त्राने ती जात आता मान्य केली. धनगरांच्या वाड्यांनी ती त्यापूर्वी दोनशे वर्षे जगविली. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीसोबत बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व येतात. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो. टाळमृदंगाच्या गजरात, लक्षावधी माणसांच्या मधून, रिकाम्या पाठीने धावणारा घोडा न बुजता धावतो, यामागे त्याला वाढविणाऱ्यांची केवढी धिमी साधना असली पाहिजे, याचा विचार करावा. भाविक त्याच्या टापांखालची धूळ कपाळी लावतात. अभ्यासकाने त्याबरोबर त्याच्या मोतद्दाराकडेही पाहावे.

८

आज मुंबई व तिच्या उपनगरांत घोडा युद्धासाठी नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरविल्या. माथेरानसारख्या गिरिस्थानी पर्यटकांस वाहून नेणे व शहरांत वरातीत मिरविणे, एवढेच काम त्याला प्रायः उरले आहे. शांती नगरसारख्या दाट वस्तीत वरातीचा घोडा फटाके, ध्वनिवर्धक व दिव्यांच्या झगमगाटात तासन्‌तास एकटा उभा असतो. त्याच्या जवळ दुसरा घोडा नसतो व पाठीवर दर वेळी अनोळखी स्वार असतो. त्याला ओळखीचा असा एकच जीव तेथे असतो, तो म्हणजे लगाम धरून पुढे चालणारा माणूस. घोडबंदरच्या खाडीत शतकांपूर्वी उतरलेल्या घोड्याची जी अवस्था होती, तिच्याशी हिचे साम्य दूरचे नाही. घोडा पुन्हा काही घटकांच्या भाड्याचा माल झाला आहे.

या स्थितीस उपाय म्हणून केवळ दयेचे आवाहन पुरेसे नाही, असे या इतिहासावरून दिसते. कौटिल्याचा दंड, सभासदाने सांगितलेला नालबंद व चिपळूणचे पत्र या तिन्हींत एक समान सूत्र आहे. घोड्याच्या दुःखाला कोणी तरी नाव घेऊन उत्तरदायी धरला गेला, तेव्हाच त्याची काळजी घेतली गेली. ममता ही त्या उत्तरदायित्वाच्या रोजच्या पालनातून, खराऱ्याच्या हातातून, ठरल्या वेळच्या चंदीतून हळूहळू उत्पन्न झाली. म्हणून मराठ्यांच्या घोडदळाचा इतिहास लिहिताना स्वार व सरदार यांच्या जोडीस मोतद्दार, पखालजी व नालबंद यांचाही शोध घेतला गेला पाहिजे. पेशवे दफ्तरातील पागांचे हिशेब, रोजमुरे व चंदीच्या नोंदी या दृष्टीने वाचण्याचे काम पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेतल्यास, ज्यांच्या हाताखाली घोडे निवत त्या माणसांची नावेही त्या कागदांतून वर येतील.